चाळीस केबीची माय

११ जानेवारी २००९. केदारखेडा

सळयांच्या मिलची नोकरी सोडली ती सोडली, आता त्याच्यावर किती वेळा बोलायचं? पण कडूबाला दुसरं काही सुचतच न्हाई. दारात गाडी उभी, पुण्याचे पाहुणे आलेले, तरी ह्याचं चालूच. "जालन्याला भट्टीपाशी टिकला असता तर आज पर्मनंट झाला असता. आता बस लोकाचं घर ओढीत." मी म्हणलं, दादा, तू एक उन्हाळा उभा राहून बघ भट्टीपाशी. तर म्हणतो, तू कुठं राह्यला, चार महिन्यात पळून आला. चार न्हाई, सात. हे मी त्याला पन्नासदा सांगितलंय.

माय म्हणली, "गप बसा दोघं बी. बाई काय म्हणतील." बाई म्हणजे मॅडम. त्या काही म्हणत नव्हत्या, चुलीचा फोटो काढून राह्यल्या होत्या.

साहेब बँकेतून रिटायर झालेले. टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, आत दोन बिछाने, गॅस, पाण्याची टाकी बसवली. नवराबायको वर्षभर देश हिंडणार, आणि रोज तीन फोटो अन् खाली चार ओळी इंटरनेटवर टाकणार. त्याला ब्लॉग म्हणतेत. मी ड्रायव्हर. ही डायरी साहेबांनीच दिली. बँकेची, गेल्या सालची, म्हणून वार खोडून लिहावे लागतेत. पुढच्या पानांवर किलोमीटर अन् डिझेल. मागची पानं माझी.

वाट वाकडी करून गावाकडं आलो ते मॅडमनं म्हणलं म्हणून. "भिवा, तुझ्या आईला भेटू की." धाकटी बहीण सत्यशीला भोकरदनच्या कॉलेजातून आल्ती, तिनं मॅडमसोबत लै गप्पा मारल्या. माय गाडीत चढून गॅस बघून आली. म्हणली, "संडास बी आतच? अन् स्वयंपाक बी आतच?" मॅडम हसत होत्या.

मंग मी साहेबांचा कॅमेरा मागितला. मायचा एकही फोटो नव्हता घरात. मतदान कार्डावर होता, तो पेटीत पाणी गळून धुतल्या गेला. माय म्हणली थांब, लुगडं बदलते. आली, गाडीच्या पायरीवर बसली.

"हसू का नको?"

"हस."

"पुढचे दात न्हाईत."

"मंग तोंड मिटून हस."

त्यावर ती तोंड उघडून हसली. मी दाबलं. ऊन समोरून होतं म्हणून डोळे मिटल्यासारखे आलेत, बाकी बराबर आला.

"आता हे कोण बघल?"

"सगळी दुनिया बघल."

"दुनियेला काही काम न्हाई का?"

साहेब म्हणले आजचे तीन झाले, हा नंतर केव्हा तरी टाकू. चूल, बारव अन् शाळेपुढचं लिंबाचं झाड, असे तीन झाले.

४ फेब्रुवारी. भूज

नेटचं बिल आलं. चार हजार सहाशे. महिन्याला पाचशे एमबी ठरलेले, त्यापुढं एकेका एमबीला दोन रुपये. साहेब बिलाकडं बघत राह्यले अन् मॅडम खिडकीकडं. मॅडम रोज नातवाला कॅमेऱ्यातून तोंड दाखवीत होत्या.

साहेब म्हणले, "भिवा, उद्यापासून नेट तुझ्या ताब्यात. डिझेल जसं लिहितोस तसं लिही."

मला काय कळतं म्हणलं. म्हणले डिझेल तरी काय पहिल्या दिवशी कळलं होतं.

९ फेब्रुवारी

चोर सापडला. लॅपटॉप स्वतःच खातो. आपण काही करीत नसतो तरी आतल्या आत तो काही तरी नवं नवं उतरवून घेत राहतो. काल दुपारी सगळे जेवत असताना बावीस एमबी खाल्ले. साहेबांनी ते बंद करायचं बटन दाखवलं. आता काम झालं की नेटचं डाटाकार्ड काढून माझ्या खिशात. मॅडम म्हणतेत, भिवानं आम्हाला रेशनवर ठेवलंय. नातू रविवारी, पाच मिनिट. घड्याळ लावून.

२६ फेब्रुवारी. जैसलमेरच्या अलीकडं

फोटो बारीक करायचं शिकलो. कॅमेऱ्यातून एकेक फोटो चार एमबीचा निघतो. तो उघडायचा, साइज कमी करायची, सेव्ह दाबायचं. चाळीस-पन्नास केबी होतो. पडद्यावर बघितलं तर फरक काहीच न्हाई, बिलकुल तसाच दिसतो. हे चार चार एमबी काहून वागवीत होतो आपण एवढे दिवस? साहेब आपले फोटो आधी दुसऱ्या डब्यात, म्हणजे हार्ड डिस्कवर, उतरवून ठेवतेत, मंग मी बारीक करतो अन् चढवतो. महिन्याचे दोनशे दहा एमबी झाले फक्त. साहेबांनी पाठीवर थाप मारली. मिलमध्ये सात महिन्यात कुणी मारली नव्हती.

दुपारी हात रिकामे होते तर लॅपटॉपमधली 'भिवा' नावाची फाईल पण साफ केली. माझे बारा फोटो होते त्यात. मी उंटावर, मी टायर बदलताना, अन् माय. सगळे बारीक करून ठेवले, जागा झाली. माय आता चाळीस केबी. एका एमबीत पंचवीस माया बसतील.

कॅमेऱ्याचं कार्ड दर आठवड्याला कोरं करतो, ते पण केलं.

१५ मार्च

मायचा फोन आल्ता, शेजारच्या साळूबाईच्या मोबाईलवरून. सत्यशीला कॅफेत जाऊन ब्लॉग बघून आली म्हणे. चूल होती, झाड होतं.

"अन् मी?"

"तू नंतर हाय, माय."

"झाडाचा नंबर आधी लागला?"

मागं साळूबाई हसत होती. मी म्हणलं पुढल्या आठवड्यात टाकतो. साहेबांना विचारलं. म्हणले आता राजस्थानात मधेच केदारखेडा कसा येणार, क्रम बिघडतो. शेवटी एक खास भाग करू, भेटलेल्या माणसांचा. बराबर आहे त्यांचं पण.

२ एप्रिल

पैसे पाठवले न्हाईत म्हणून कडूबा फोनवर ओरडला. पगारच उद्या होणार होता. मी पण ओरडलो. माय बोलायला आल्ती, पण तोवर त्यानं फोन ठेवला.

१९ एप्रिल. शिमल्याच्या वर

पाइन नावाची झाडं. थंडी. ब्रेक ऑइल बदललं.

६ मे. रेकाँग पिओ

वरच्या खोऱ्यात चार दिवस रेंज नव्हती. आज खाली पिओला आलो. गाडी उभी करत होतो तवर फोन वाजायला लागला, एकामागं एक मेसेज. चौदा मिस कॉल. कडूबाचे अकरा, साळूबाईचे दोन, एक कुणाचा कळला न्हाई.

कडूबाला लावला. म्हणला, "कुठं होता?"

"वर. रेंज नव्हती."

"माय गेली शनिवारी."

मी म्हणलं, कुठं?

असं का म्हणलं ते मलाच माहीत न्हाई. तो खाकरला. मंग म्हणला, "सकाळी छातीत दुखतंय म्हणली. जीप बोलवली जालन्याला न्यायला. वाटेतलं राजूर बी आलं न्हाई, तवर संपलं."

मी निघतो म्हणलं. म्हणला, "आता येऊन काय करतो. माती झाली. एक दिवस थांबलो तुझ्यासाठी, मंग लोक म्हणाले उन्हाचं किती ठेवायचं." तो ओरडला न्हाई. ओरडंल असं वाटलं होतं.

साहेबांना सांगितलं. साहेब खुर्चीवरून उठले, परत बसले. मॅडमनं माझा हात धरला, मला अवघडल्यासारखं झालं, कारण हाताला ग्रीस होतं. साहेब म्हणले, "जा तू. आम्ही थांबतो इथं." पण ह्या घाटात ही गाडी त्यांच्याच्यानं उतरणार न्हाई, ते त्यांना बी माहीत आहे. मी म्हणलं माती झाली, आता घाई न्हाई.

संध्याकाळी ब्लॉगचे तीन फोटो चढवले. एकशे तीस केबी. महिन्याचे चौऱ्याऐंशी एमबी झाले आजवर.

७ मे

डिझेल ३८ लिटर. मागच्या चाकाचे नट आवळले.

९ मे

कडूबाचा फोन. सतरा तारखेला रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. भंतेजी येणार, आष्टीचे मामा येणार, तिकडचे सगळे येणार. म्हणला, "फोटो लागतो रे. टेबलावर ठेवायला. लोकांनी फूल कशावर वाहायचं? भोकरदनचा तातेराव फोटोवाला म्हणला मोठा करून फ्रेम देतो, दीड फुटी. पण घरात एक बी फोटो न्हाई. तुझ्याकडं तो पायरीवरला आहे ना?"

आहे म्हणलं.

"हाय ना नक्की?"

"आहे म्हणलं ना दादा."

"तेवढं एक काम कर बाबा तू," म्हणला. हे त्याचं बोलणं टोमण्यासारखं नव्हतं. मला ते टोमण्यापेक्षा जड गेलं. असो.

साहेबांना विचारलं, नेट वापरू का घरच्या कामाला. साहेब म्हणले, "विचारतोस काय? आहे तेवढं सगळं वापर. बिल आलं तर येऊ दे." मी म्हणलं तेवढं लागतच न्हाई. तातेरावच्या ईमेलच्या पत्त्यावर फोटो पाठवला. आठ सेकंद लागले. चाळीस केबी.

मॅडम म्हणल्या बघू दे. बघितला. म्हणल्या, "किती छान हसल्यात रे." मी बी बघितला. मंग डाटाकार्ड काढून ठेवलं.

११ मे

तातेरावचा फोन आला.

"जयभीम भिवा. लै वाईट झालं. तुमची माय शाळेत खिचडी शिजवायची, तिच्या हातची लै खाल्ली मी. बरं, तो फोटो पोचला, पण मोठा पाठव."

"तोच आहे."

"अरे हा नखाएवढा आहे. फ्रेमच्या मापाला नेला की चौकोन चौकोन होतेत. तोंड कुठं अन् लुगडं कुठं ते समजून न्हाई राह्यलं. मूळचा पाठव मूळचा, कॅमेऱ्यातला."

साहेबांना सांगितलं. ते लॅपटॉपपाशी आले. "मूळ फाईल कुठाय?"

"हीच."

"ही बारीक केलेली. मोठी कुठाय?"

"हीच मोठी होती. हिलाच बारीक केली."

"म्हणजे त्याच नावावर सेव्ह केलीस?"

मी म्हणलं, हो, तुमचे करतो तसंच. साहेब म्हणले, "माझे मी आधी दुसरीकडे उतरवून ठेवतो, भिवा." ते मला माहीत होतं. मी लिहिलं बी आहे मागं. पण माझे बी उतरवले पाहिजेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं अन् माझ्या डोक्यात आलं न्हाई.

मॅडम म्हणल्या, "अग्गबाई." अन् बाहेर गेल्या.

१३ मे

कोऱ्या कार्डातले जुने फोटो परत काढायचं एक साधन असतं, ते साहेबांनी उतरवून घेतलं. सोळा एमबी. मी नको म्हणलं होतं. चार तास ते कार्ड चाळत होतं. निघाले ते सगळे डोंगर, अन् सफरचंदाच्या फांद्या, अन् मॅडम शाल पांघरून. जानेवारीचं एकही न्हाई. साहेब म्हणले, "एवढ्या वेळा त्यावर नवं लिहिलं गेलंय ना." दोनदा चालवून बघितलं. दुसऱ्यांदा पण डोंगरच.

रात्री साहेब म्हणले, "मार्चमध्ये तू विचारलंस तेव्हाच तो फोटो मी टाकायला हवा होता." टाकला असता तरी बारीक करूनच टाकला असता ना. मी ताट पुढं ओढलं. राजमा होता.

१४ मे

कडूबाला सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. म्हणला, "बरं." अन् फोन ठेवला.

१७ मे. रविवार

आज केदारखेड्याला कार्यक्रम. इथं मी गाडी धुतली. आतून पण धुतली, पायरी पण.

पाच वाजता सत्यशीलाचा फोन आला. तातेरावनं फोटो जसा होता तसाच छापला, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा, अन् दीड फुटी फ्रेममध्ये मधोमध लावला. बाकी सगळा पांढरा कागद. बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवला. ती म्हणली, "भिवाभाऊ, सगळे फूल वाहायला आले की वाकून वाकून बघत होते. चष्मा लावून बघत होते. साळूबाई मायच्या फोटोला म्हणली, गिरिजा, कुठं गेली गं बाई एवढी लहान होऊन."

"अन् मंग?"

"मंग ती खालीच बसली."

मी विचारलं जेवणाला काय केलतं. ती म्हणली, "तुला आता हे विचारायचंय?" मंग म्हणली, "वरण, बट्टी अन् वांग्याची भाजी."

२० मे

सत्यशीलानं फोनवर एक गोष्ट काढली. जालन्याला संपत पेंटर म्हणून आहे, दुकानाच्या पाट्या रंगवतो अन् माणसाचे फोटो बी काढतो हातानं. लहान फोटोवरून मोठं चित्र काढून देतो, पण घरच्यांनी जवळ बसून सांगावं लागतं. ती जाऊन बसायला तयार आहे. कडूबा म्हणतो चित्र ते चित्रच, फोटो थोडाच होणार, कशाला खर्चा. दोघांचं भांडण झालं.

मी म्हणलं पैसे मी देतो. कडूबा मागून म्हणला, "त्याला म्हणाव मोठा झाला का?" हे मला ऐकू गेलं.

२२ मे

सत्यशीला पेंटरच्या दुकानातून बोलत होती, पेंटर तिच्या बाजूला.

"भिवाभाऊ, हनुवटीवर गोंदण किती ठिपक्यांचं होतं? मी म्हणते तीन. दादा म्हणतो दोन."

मी लॅपटॉप उघडला. मायला मोठी केली. हनुवटीवर एक हिरवट चौकोन आहे. दोन बी न्हाईत, तीन बी न्हाईत. पुन्हा लहान केली तर हसते. पुन्हा मोठी केली तर चौकोन.

डोळे मिटून आठवलं. तिचे हात आठवले, खिचडीचा चमचा आठवला. हनुवटी येईना. सव्वीस वर्ष समोर होती ती हनुवटी.

म्हणलं, "तीन. तू म्हणती तसं."

"तुला आठवतंय का माझं ऐकून म्हणून राह्यला?"

"आठवतंय."

मंग पेंटरनं फोन घेतला. म्हाताऱ्याचा आवाज. "भाऊ, बाकी मी जमवतो. पण डोळे मिटलेत ह्यात. मिटलेल्या डोळ्यांचं चित्र भिंतीला कसं लावायचं, लोक काय म्हणतील. उघडे काढावे लागतील. घरात कुणाचे आहेत तिच्यावाणी?"

मागून सत्यशीला म्हणली, "ह्याचेच. माय म्हणायची, डोळे तेवढे भिवानं नेले."

"मंग तुझा पाठव," पेंटर म्हणला. "उन्हात न्हाई, सावलीत. अन् मोठा पाठव बरं का, बारीक न्हाई."

सत्यशीलानं त्याला सगळं सांगितलेलं दिसतंय.

२४ मे. रविवार

साहेबांनी सकाळी फोटो काढला. गाडीच्या सावलीत उभं केलं. मॅडमनं केस नीट केले. साहेब म्हणले, "इकडे बघ. लेन्समध्ये." बघितलं. नऊ काढले. नऊपैकी एक मॅडमनं निवडला, मला सगळे एकच दिसले.

चार एमबी अन् वर थोडं. साहेबांनी आधी दुसऱ्या डब्यात उतरवला, मंग मला म्हणले, आता पाठव. मी सेव्हच्या बटनाला हातच लावला न्हाई.

पिओला नेट रडत चालतं. पहिल्यांदा वीस मिनिटानं तुटलं. दुसऱ्यांदा अर्ध्या तासानं. मंग मी लांब वायर लावून डाटाकार्ड घेऊन टपावर चढलो अन् हात वर करून बसलो, मॅडम खालून आकडा सांगत होत्या. तीस टक्के, बत्तीस टक्के. थंडी होती, बोटं बधिर झाली. अठ्ठेचाळीसवर लै वेळ अडकलं. मॅडम म्हणल्या, "भिवा, खाली ये, उद्या बघू." मी न्हाई उतरलो. साहेबांनी आजचा ब्लॉग टाकला न्हाई. रेंज असून एक दिवस रिकामा गेला, जानेवारीपासून पहिल्यांदाच.

एक तास दहा मिनिटात गेला. खाली आलो तर लॅपटॉपवर माझं तोंड अख्ख्या पडद्यावर होतं. डोळे नीट बघितले. मला काही मायसारखं दिसलं न्हाई. मॅडमनं चहा दिला. मी तिथंच उभा राह्यलो, कोण जाणे किती वेळ, चहावर साय आली.

संध्याकाळी पेंटरचा निरोप आला, पोचला, चांगला आहे, काम धरतो. पंधरा दिवस लागतील. अर्धे पैसे आधी पाहिजेत.

२५ मे

सकाळी कडूबाचा फोन. इकडचं तिकडचं बोलला. घरावरची पत्रं कुठं गळतेत ते सांगितलं. मंग म्हणला, "पेंटरकडं मी बी जाऊन येतो एकदा. सत्यशीलाला काय आठवतंय, ती लहान होती. गोंदण दोनच होतं."

मी म्हणलं, दोन तर दोन.

"तसं न्हाई. तुला काय वाटतं ते सांग ना."

मी म्हणलं, दादा, मला दिसून न्हाई राह्यलं.

तो म्हणला, "हं." मंग म्हणला, "मला बी सकाळपासून तसंच होतंय." कुणीच फोन ठेवला न्हाई. मागं कोंबड्या ओरडत होत्या, ते ऐकू येत होतं. मंग त्याचा बॅलन्स संपला.

दुपारी पोस्टात गेलो. मनिऑर्डरचा फॉर्म हिंदीत होता, भरला. निरोपाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं न्हाई, कोराच ठेवला. अर्धे न्हाई, पेंटरचे पूर्णच पाठवले, अन् दोघांचं जालन्याला जायचं-यायचं भाडं.

कडूबा यांच्या नावानं, मुक्काम पोस्ट केदारखेडा, एक हजार सातशे साठ रुपये.